गुरुवारची भक्ती

दुर्गाबाईंनी देवळाची किल्ली ज्योतीरामला दिली ती काही विश्वासानं नाही दिली. गुडघे गेले म्हणून दिली.

चाकणच्या मागं, एमआयडीसीची भिंत जिथं गावाच्या पांदीला येऊन टेकते, तिथं मोहरवाडी. आणि मोहरवाडीच्या अगदी कडेला ते चर्च. गावातली जुनी ख्रिस्ती माणसं त्याला देऊळच म्हणतात. मिशनच्या काळातलं, काळ्या दगडाचं, वर कौलं, पुढं एक बुटका मनोरा आणि त्यात घंटा. मागं जराशी दफनभूमी. एकेकाळी चहूकडं बाजरी होती म्हणे. आता तीन बाजूंनी कंपन्या. उजवीकडच्या कंपनीत पत्रा दाबायचं प्रेस मशीन आहे, त्याचा दणका बाकाखालून वर चढतो. प्रार्थनेत डोळे मिटलेले असले तरी मणक्याला कळतं की शेजारी अजून एका गाडीचा दरवाजा तयार झाला.

दुर्गाबाईंचे सासरे मिशनच्या शाळेत मास्तर होते. शाळा गेली, मास्तर गेले, नवरा गेला, दोन्ही मुलं रहाटणीला फ्लॅटमध्ये गेली. बाई मात्र गावठाणातल्या दोन खोल्यांत एकटी राहिली, कारण किल्ली तिच्या पदराला होती.

"रविवारी सकाळी घंटा झाली पायजे. कोण येवो, न येवो."

"होईल मावशी," ज्योतीराम म्हणाला.

"हुईल न्हाई. झाली पायजे. माझ्या मालकांची मयत झाली त्यो शनवार व्हता. दुसऱ्या दिशी सकाळी मीच वाजवली."

"तुम्ही स्वतः?"

"मग कोण? त्ये उठून येणार व्हते?"

हे जानेवारीतलं. नाताळच्या पताका अजून उतरवायच्या होत्या.

ज्योतीराम जालन्याकडचा. लग्न झाल्या झाल्या बायकोला, मंजुळाला घेऊन इकडं आला तो इथलाच होऊन बसला. म्हणजे, बसला कसला. कॉन्ट्रॅक्टवर ऑपरेटर. कंपनी तीच, मशीन तेच, पण ठेकेदार बदलला की गळ्यातलं कार्ड बदलायचं आणि परत नवा माणूस म्हणून जॉइन व्हायचं. आयुष्यभर नवा माणूस. खोली बबनरावांची, भाड्याची. ह्या सगळ्या पट्ट्यात दोघांची म्हणावी अशी जागा एकच, चर्चच्या मागं, भिंतीजवळ. त्यांचं पहिलं पोर आठवड्याचं होऊन गेलं, ते तिथं आहे. मंजुळा अजूनही तिथं गेली की आधी गवत उपटते, मग बोलते.

म्हणून जानेवारीत पाळकसाहेबांनी जे सांगितलं, ते ज्योतीरामच्या पोटात गेलं आणि तिथंच राहिलं.

पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, चिंचवडला राहायचे. त्यांच्याकडं पाच गावच्या ख्रिस्ती मंडळ्या. मोहरवाडीला ते महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे, प्रभुभोजन द्यायचे, दुर्गाबाईंकडं चहा घ्यायचे, जायचे. बाकीच्या रविवारी गावातलाच कुणीतरी भक्ती, म्हणजे गाणी, वाचन, प्रार्थना, चालवायचा. चहा पिता पिता ते म्हणाले, "वरची कमिटी बारक्या मंडळ्या मोठ्यात मिसळायचं म्हणतीये. जिथं भक्ती नियमित होत नाही तिथं कुलूप. मग तुम्ही सगळ्यांनी चिंचवडला यायचं."

"अन् देऊळ?" दुर्गाबाई.

"देऊळ बंद."

"अन् मागचं?" मंजुळानं विचारलं.

पाळकसाहेबांनी बशीतला चहा संपवला. "कंपाउंडला एकच गेट आहे, मंजुळाबाई."

आता अडचण काय होती, ती नीट सांगायला पाहिजे. माणसं नव्हती असं नाही. माणसं रग्गड होती. जालन्याची, नगरची, बीडची, कोण फिटर, कोण लोडर, कोण गेटवर सिक्युरिटी. पण ह्या पट्ट्यात रविवार हा सुट्टीचा वारच नाही. सुट्टी गुरुवारची. कधीकाळी विजेच्या भानगडीपायी कंपन्यांना वार वाटून दिले, ते तसेच राहिले. रविवारी सकाळी देव बोलावतो आणि रविवारी सकाळीच फर्स्ट शिफ्ट असते. देव काय गैरहजेरी लावत नाही. ठेकेदार लावतो.

फेब्रुवारीपर्यंत ज्योतीरामनं शिफ्ट बदलून बदलून रविवार सांभाळले. घंटा वाजवायची आणि आत जाऊन बघायचं, तर दुर्गाबाई, मंजुळा आणि तो. कधी कुणाची पाहुणी. दुर्गाबाई गाणं असं म्हणायची की सगळी बाकं भरलीत. मंजुळा कुजबुजायची, "अवो, कुणासाठी एवढं ओरडायलीय मावशी?"

"गप. देवासाठी."

"त्याला ऐकू येतं की. तो काय प्रेस शॉपला कामाला हाय?"

मग कंपनीबाहेरच्या टपरीवर त्याला प्रज्वल भेटला. नगरकडचा पोरगा, पंचविशीचा, शॉप फ्लोअरला रंग मारायच्या ठेक्यावर. मनगटावर क्रूस गोंदलेला.

"ख्रिस्ती का भावा?"

"हो ना दादा. पण नावालाच. दोन वर्षं झाली, चर्चचं तोंड नाही बघितलं. रविवारी लाइन चालू असती."

"गुरुवारी काय करतो?"

"झोपतो. कपडे धुतो. परत झोपतो."

ज्योतीराम चहाचा ग्लास हातात धरून उभाच राहिला. एवढं सोपं. इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

मार्चमध्ये पहिला गुरुवार. प्रज्वलनं आपल्या खोलीतली पोरं आणली, त्यांनी शेजारची. एक सिक्युरिटीवाला ढोलकी घेऊन आला. कुणी बायको-पोरं घेऊन आलं. दुसऱ्या गुरुवारी त्याहून जास्त. बाकं पुरेनात तेव्हा पोरं मागं सतरंजीवर बसली. ज्योतीराम पुढं उभा राहून वाचायला लागला. खाली बघून वाचलं त्यानं, वर बघवेना.

पहिला रविवार मात्र त्यानं पाळकसाहेबांसाठी तसाच ठेवला. बाकी सगळं गुरुवारी. पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते हसले. "मी ऐकलं नाही असं समज," म्हणाले. "पण चालू ठेव."

खोलीमालक बबनराव दारात टूथपेस्टचा फेस घेऊन उभे असायचे. माळकरी माणूस, पण जीभ तिखट. "काय ओ ज्योतीराम, गुरुवार तर दत्ताचा. तुमच्या येशूनं वार बदलून घेतला व्हय?"

"त्यालाही वीकली ऑफ गुरुवारचाच मिळाला, बबनराव."

बबनराव इतके हसले की फेस बनियनवर.

दुर्गाबाई हसली नाही. ती गुरुवारी आलीच नाही. ज्योतीराम बोलवायला गेला तर ती तांदूळ निवडत बसलेली.

"गुरुवारी मला सवड न्हाई."

"मावशी, एकदा या तरी. देऊळ भरलेलं बघा."

"बाजार पन भरतो."

प्रज्वल बरोबर आला होता. तो मध्ये पडला. "आजी, प्रभूचं शेवटचं भोजन गुरुवारीच झालं की."

दुर्गाबाईनं सूप खाली ठेवलं. "व्हय. अन् त्याच राती त्याला धरून दिला."

प्रज्वल उठला. बाहेर येऊन म्हणाला, "दादा, आजीशी वाद नको. आजी हेवी आहे."

पण काम व्हायला लागलं होतं, हे खरंच. जी पोरं आठवडाभर दुसऱ्याच्या कंपनीत राबत होती ती गुरुवारी भक्ती झाली की शर्ट काढून देवळावर चढायची. फुटकी कौलं बदलली. वेल्डरनं गेटची बिजागरी बसवली. कबुतरांसाठी जाळी लागली. दफनभूमीतलं गाजरगवत काढलं. मंजुळा सगळ्यांना पोहे करायची आणि वर ऐकवायची, "खा रे बाबांनो, घरी आई असती तर तिनं एवढं काम लावलं नसतं."

ईस्टरच्या आधी प्रज्वलनं फरशीला रंग मारला. एका ठेक्यातून उरलेला, ठेकेदाराला विचारून आणलेला, कंपनीच्या फ्लोअरला मारतात तो चकचकीत हिरवा. आणि हाताला सवय ती सवय, दोन्ही कडेनं पिवळे पट्टेही ओढले. वेदीपर्यंत सरळ पिवळी वाट. फक्त फोर्कलिफ्ट यायची बाकी होती.

पुढच्या पहिल्या रविवारी दुर्गाबाई उंबऱ्यातच थांबली.

"ह्ये काय केलंस रं?"

"फरशी, मावशी. आता ओल येणार नाही."

"देवळात कंपनी घातली की रं तू."

चप्पल काढून ती त्या हिरव्यावर पाय ठेवायला बिचकत होती. मग पट्ट्याच्या आतून आतून, भिंतीला धरत, आपल्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवशी तिनं गाणं म्हटलं नाही.

बाकीच्या रविवारचं काय, तर ज्योतीराम फर्स्ट शिफ्टला. मंजुळा एका कँटीनला चपात्या लाटायला जायची, ती जाता जाता उजाडायच्या आत घंटा वाजवायची. म्हणजे दिलेला शब्द पाळला. दुर्गाबाई काठी टेकत वेळेवर यायची, तर कुलूप.

"घंटा वाजीवतीस अन् कुलूप लावून जातीस. ही काय शाळा सुटली व्हय गं?"

"मावशी, मला ड्युटी असती."

"मला बी हाय."

ज्योतीराम म्हणाला, दुसरी किल्ली करून देतो. तिनं घेतली नाही. म्हणाली, मी किल्ली दिलीय, परत घेत नसते. आणि रविवारी येऊन पायरीवर बसायला लागली. एकटीच. पुस्तक उघडायची, गाणं म्हणायची, प्रार्थना करायची, पायरीवरच दान ठेवायची आणि जायची. ते दान मंजुळाला संध्याकाळी सापडायचं, वर एक खडा ठेवलेला असायचा.

ज्योतीरामला हे टोचत होतं. खोटं कशाला बोला. पण गुरुवारी ढोलकी सुरू झाली की टोचायचं थांबायचं. आपण देऊळ वाचवलं असं त्याला वाटायचं. म्हातारीचा हट्ट आहे, निवळेल, असंही वाटायचं.

जूनमध्ये पाळकसाहेबांची बदली झाली. नवीन आले ते तरुण, घाईत, पाच मंडळ्यांची नावंसुद्धा अजून पाठ नाहीत. ज्योतीराम त्यांना गुरुवारचं सांगणार होता. एकदा ते फोनवर होते, एकदा दुर्गाबाई शेजारी होती. राहून गेलं.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी भक्ती संपत आली होती आणि दुर्गाबाई दारात. गुरुवारी! पोरांनी वाट दिली, एकानं हात धरला, ढोलकीवाला थांबला. ज्योतीरामला वाटलं, आली. शेवटी आली.

"सलाम मावशी! या, पुढं बसा."

"बसायला न्हाई आले. कमिटी आली व्हती, त्ये सांगायला आले."

"कवा?"

"रविवारी. दोघं जण, गाडीतनं. मी पायरीवर व्हते. इचारलं, मावशी, इथं भक्ती हुती का? म्हणलं, न्हाई."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"न्हाई म्हणलात?"

"मग काय लबाड बोलू? त्याच्या दारात बसून? म्हणलं, रविवारची भक्ती बंद पाडली. गुरुवारी पोरं जमत्यात, गाणी म्हणत्यात, पोहे खात्यात, त्याला भक्ती म्हणत न्हाईत. म्हणलं, ह्या ज्योतीरामचा जरा कान धरा, म्हंजी रविवार परत चालू हुईल."

बाई जरा उजळली होती. मोठ्या साहेबांकडं तक्रार केली, आता न्याय होणार, असा तिचा चेहरा. खूप महिन्यांनी ज्योतीरामशी ती बिनरागानं बोलत होती.

"मावशी," ज्योतीराम म्हणाला, "ते कान धरायला नव्हते आले. कुलूप लावायचं का बघायला आले होते."

"देवळाला कुलूप? कमिटी देवाचीच हाय रं. ती कशाला कुलूप लावंल?"

ढोलकीवाल्यानं ढोलकी पिशवीत घातली. शेजारचा प्रेसही गुरुवारचा बंद होता.

पुढच्या गुरुवारी ज्योतीराम इस्त्रीचा शर्ट घालून चिंचवडला गेला. नवीन पाळकांनी कमिटीच्या एका साहेबांना बोलावून घेतलं होतं. साहेब वाईट नव्हते. तेच तर वाईट होतं. पाणी दिलं, घरची चौकशी केली.

"साहेब, आमचं देऊळ भरतंय. बाकं पुरत नाहीत."

"गुरुवारी."

"हो. सुट्टीच गुरुवारी असते ना साहेब."

"ज्योतीराम, गुरुवारी भरते ती प्रार्थनासभा. प्रार्थनासभा कुठंही भरवता येते, एखाद्याच्या खोलीतसुद्धा. चर्च रविवारच्या भक्तीसाठी असतं. आणि तिथली सगळ्यात जुनी सभासद स्वतः सांगते की भक्ती बंद आहे. मी काय लिहू?"

"तिला म्हणायचं होतं…"

"तिला जे म्हणायचं होतं ते ती म्हणाली."

ज्योतीराम खुर्चीत अंग चोरून बसला होता. "साहेब, रविवार चालू केला तर?"

साहेबांनी पाळकांकडं बघितलं. "करा. नाताळपर्यंत रविवार भरवून दाखवा. पण मग गुरुवारचं बंद. एका मंडळीचे दोन वार नको. लोक म्हणतील, हे कुठलं नवीन काढलं."

इथं ज्योतीरामनं काय करायला पाहिजे होतं? भांडायला पाहिजे होतं, असं मंजुळा आजही म्हणते. तो भांडला नाही. "करतो साहेब," म्हणाला. आयुष्यभर सुपरवायझरला असंच म्हणत आला होता.

सप्टेंबरपासून गुरुवार बंद, रविवार चालू.

पहिल्या रविवारी पोरं आली. खरंच आली. कुणी शिफ्ट बदलली, कुणी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, कुणी नाईट करून तसेच लाल डोळ्यांनी आले आणि बाकावर डुलक्या घेत बसले. दुर्गाबाई पुढं, नवीन लुगडं नेसून. तिनं असा सूर लावला की डुलक्या घेणारे दचकून आमेन म्हणाले. बाहेर येऊन तिनं ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवला. "बगितलंस? मी म्हणत नव्हते?"

दुसऱ्या रविवारी त्यातले अर्धे. तिसऱ्या रविवारी पाऊस आणि ऑडिट एकदमच आलं.

प्रज्वल मात्र येत राहिला. दांड्या मारून येत राहिला. ज्योतीराम म्हणायचा, नको रे, तर म्हणायचा, "दादा, फरशी मी रंगवलीय, बघायला यायला नको का?" ऑक्टोबरमध्ये एका सोमवारी गेटवर त्याचं कार्ड चाललं नाही. ठेकेदारानं नाव काढलं होतं. दोन दिवस तो ज्योतीरामकडं जेवला, मग तळवड्याला एका बारक्या युनिटमध्ये लागला, तिथंच राहायला गेला. जाताना म्हणाला, "दादा, तिकडं सुट्टी कधी असती माहितीये का? नसतीच."

ज्योतीरामला हसायला आलं नाही. त्यानं त्याच दिवशी बाकीच्या पोरांना फोन लावले. येऊ नका म्हणाला. रविवारी कुणीही दांडी मारायची नाही. तुमची पोटं आहेत.

"अन् मग देऊळ?" एकानं विचारलं.

"बघू."

बघायला काही उरलं नव्हतं, आणि ते त्याला कळत होतं. गुरुवारी पोरं आता खोल्यांवर झोपायची. एकदा सवय मोडली की मोडली. रविवारी परत तीच तीन माणसं आणि भोवती हिरवी चकचकीत फरशी. आता तर जास्तच मोकळी वाटायची, पुसायला जास्त वेळ लागायचा.

नोव्हेंबरात सुगीचा सण. पूर्वी लोक शेतातलं पहिलं धान्य, कोंबडी, भोपळे वेदीपुढं आणून ठेवायचे, मग त्याचा लिलाव व्हायचा आणि सगळ्यात मोठी बोली लावणारा मिरवायचा. शेतं गेली तरी सण राहिला होता. ज्योतीरामनं मॉलमधून तांदळाची पिशवी आणली. मंजुळानं कँटीनमधून मेथी. दुर्गाबाईनं परसातला दुधी आणला, कापडात गुंडाळून, बाळ आणावं तसा.

लिलाव मंजुळानं पुकारला. "बोला, दुधी! मोहरवाडीचा खास दुधी! कोण घेतं?"

दुर्गाबाईनं हात वर केला.

"मावशी, तुमचाच हाय तो."

"असू दे. दुसरं कोन हाय घ्यायला?"

ज्योतीरामनं बोली वाढवली. तिनं त्याच्यावर वाढवली. तो चेव आल्यासारखा परत वाढवायला लागला, ती ऐकेना. मंजुळा हसून हसून बाकाला टेकली आणि हसता हसताच तिच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. शेवटी दुधी दुर्गाबाईलाच गेला. तिनं तो परत कापडात गुंडाळला.

डिसेंबरच्या सुरुवातीला नवीन पाळकांचा फोन आला. ठराव झाला होता. नाताळ तुम्ही तिथं करा, म्हणाले. नंतरच्या रविवारी आम्ही सामान न्यायला येऊ. मला स्वतःला वाईट वाटतंय, म्हणाले, आणि वाटत असेलही.

आणि ह्या वर्षी नाताळ आला तो गुरुवारी.

ज्योतीरामनं कुणाला बोलावलं नव्हतं. कसं बोलावणार? पण सकाळी तो कंदील लावत होता तर गेटवर माणसं. पोरं, त्यांच्या बायका, कडेवर लेकरं, नवे कपडे, अत्तर. तळवड्याहून प्रज्वल, केकचा खोका घेऊन. ढोलकी. बबनरावसुद्धा फराळाचं ताट घेऊन आले आणि शेवटच्या बाकावर अवघडून बसले. सतरंजीवर जागा उरली नाही तेव्हा माणसं पायऱ्यांवर उभी राहिली. दुर्गाबाई येतानाच थबकली. काठी टेकून आतली गर्दी बघत राहिली. दुर्गाबाई आणि मंजुळा सोडून त्या गर्दीत कुणाला माहीत नव्हतं की हे शेवटचं आहे. ज्योतीरामनं सांगितलं नव्हतं. सणाच्या दिवशी कसं सांगायचं?

नवीन पाळक चिंचवडला, मोठ्या भक्तीला. म्हणून इथं बघायला कुणी नव्हतं. प्रज्वलनं व्हिडिओ काढला. सगळी बाकं, पायऱ्या, ढोलकी, मधोमध दुर्गाबाई गाताना. ज्योतीरामनं तो पाळकांना पाठवला, कमिटीच्या साहेबांनाही पाठवला. बराच वेळ नुसत्या बघितल्याच्या निळ्या खुणा. दुपारी साहेबांचं उत्तर आलं. हात जोडलेले, एक फुगा, नाताळच्या शुभेच्छा.

जाताना दुर्गाबाई ज्योतीरामजवळ थांबली. "एवढी मानसं हायती तुझ्याकडं?"

"होती मावशी."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं होतं की."

ती काठीची मूठ चोळत राहिली. मग म्हणाली, "मी खरं बोलले व्हते रं."

"खरंच बोललात."

रविवारी टेम्पो आला. पाळक, साहेब, दोन हमाल. मेजावरचं कापड, प्याला, पितळी क्रूस आधीच गाडीत गेले. घंटा उतरवायला क्रेन लागंल म्हणून ती तशीच ठेवली. बाकं एकेक करून बाहेर निघाली, हिरव्या फरशीवर ओरखडे काढत. हमाल पिवळ्या पट्ट्यावरूनच चालत होते, पट्टा होताच म्हणून.

मंजुळानं साहेबांना मागच्या जागेचं विचारलं. साहेब म्हणाले, अडचण नाही, यायचं असेल तेव्हा पाळकांना फोन करा, कुणाला तरी किल्ली घेऊन पाठवतील. वर्षातून एकदा तर नक्की.

"मी आठवड्याला येते," मंजुळा म्हणाली.

साहेबांनी मान हलवली, ऐकल्यासारखी.

उरलेल्या शेवटच्या बाकावर दुर्गाबाई बसलेली. तिच्या मुलानं रहाटणीहून गाडी घेऊन यायचं होतं, तो वाटेत होता. हमाल बाकाच्या दोन्ही टोकांना उभे राहिले.

"मावशी, उठता का जरा?" साहेब म्हणाले.

"आज वार कोन्ता?"

"रविवार."

"मग भक्ती घ्या. मी हाय. ह्यो हाय. ही हाय. तुमी पन हायसा. कालपत्तुर मानसं न्हाईत म्हणत व्हता."

पाळकांनी साहेबांकडं बघितलं. टेम्पोवाल्यानं बाहेरून हॉर्न दिला, त्याला दुसरं भाडं होतं. पाळक तरुण होते, त्यांना राहवलं नाही. तिथंच, उघड्या फरशीवर उभं राहून त्यांनी एक लहान प्रार्थना केली. रिकाम्या देवळात आवाज घुमला. सगळे आमेन म्हणाले, हमालसुद्धा. मग पाळकांनी स्वतः दुर्गाबाईला हात दिला आणि ती उठली. बाक हलकं होतं. एका झटक्यात उचललं गेलं.

कुलूप नवीन होतं, कमिटीचं.

टेम्पो गेला, दुर्गाबाईचा मुलगा तिला घेऊन गेला, ज्योतीराम आणि मंजुळा पांदीनं घराकडं निघाले. वाटेत सुपरवायझरचा फोन. एक तारखेला, गुरुवारी, अर्जंट ऑर्डर आहे, ओव्हरटाइमला येतो का. तू काय येणार नाहीस म्हणा, तुझं ते देवाचं असतं, पण विचारून ठेवतो.

"येतो," ज्योतीराम म्हणाला.

"येतो? बरं मग पुढच्या गुरुवारी पण नाव टाकू का?"

मंजुळा थांबून त्याच्याकडं बघत होती.

"सगळ्या गुरुवारी टाका," तो म्हणाला.